बैल पळतो, पण कशापायी?

धान कापून-मळून घरात आलं की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दोन जाहिराती एकाच भिंतीवर लागतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक. नाटक मंडळी गडचिरोलीतल्या वडशाहून येतात, बैलजोड्या कुठून कुठून येतात, आणि गावात घरोघरी पाहुण्यांची पंगत बसते. सोयरिकीही याच दिवसांत जुळतात. तिकडे अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर तर पटासाठीच ओळखलं जातं. मधली काही वर्षं मात्र हे सगळं कोर्टाच्या दारात अडकलं होतं.

त्याची सुरुवात झाली सर्कशीपासून. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या प्राण्यांना शिकवून खेळात उतरवायला मनाई केली. सर्कसवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१ मध्ये हरले. आज जत्रेतल्या तंबूत वाघ-सिंह नसतात ते त्यामुळे. दारोदार अस्वल नाचवणारा दरवेशीही दिसेनासा झाला. जुलै २०११ मध्ये त्याच यादीत बैल आला. बाकी सगळे रानातले, हा एकटा गोठ्यातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, पण तो उच्च न्यायालयात अडला. डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा बदललेला कायदा वैध ठरवला.

या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त वाद कशावर झाला, तर बैलाचं शरीर पळण्यासाठी आहे की नाही यावर. प्राणिमित्र म्हणत, बैल म्हणजे घोडा नव्हे. राज्य सरकारने तज्ज्ञांची समिती नेमून बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवालच करून घेतला. माझ्या मते दोन्ही बाजूंनी आपली बरीच शक्ती चुकीच्या प्रश्नावर खर्च केली.

बैल घोडा नव्हे, हे खरंच आहे. शर्यतीचा घोडा आणि बैल यांना यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवून केलेल्या मोजमापात असं दिसलं, की वजनाच्या दर किलोमागे घोडा बैलाच्या अडीच पटीहून जास्त ऑक्सिजन वापरू शकतो. घोड्याचं हृदय मोठं. शिवाय त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा साठा असतो आणि पळताना तो रक्तात ओतला जातो. बैलाच्या पोटात मात्र चारापाण्याने भरलेलं रुमेन, म्हणजे जठराचा मोठा कप्पा, असतो. त्याचंच वजन शरीराच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढे जातं, आणि पळताना ते श्वासपटलावर आदळत राहतं.

पण विदर्भातला पट म्हणजे सेकंदांचा खेळ. इतक्या थोड्या वेळाच्या धावेला स्नायूंत आधीच साठवलेली ऊर्जा पुरते, फुप्फुसांची खरी परीक्षा होतच नाही. ती होते लांब पल्ल्याच्या शर्यतीत, किंवा एकाच जोडीला दिवसात पुन्हा पुन्हा उतरवलं तर. शिवाय वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात मुळातच हलक्या अंगाची आणि चपळ. तेव्हा ‘बैल पळू शकतो का’ या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. जीव वाचवायला म्हैससुद्धा पळते. विचारायला हवं ते हे, की तो पळतो कशापायी?

छकड्याला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला जुंपलेल्या बैलाला काय दिसतं, इथून सुरुवात करू. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळपास ३३० अंशांचा घेर त्याला एकाच वेळी दिसतो. दुतर्फा उभी असलेली, हात हलवणारी, पुढे झुकणारी सगळी गर्दी त्याच्या नजरेत असते. दिसत नाही ती फक्त शेपटीमागची अरुंद जागा, आणि धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, बसतो तो नेमका तिथेच. म्हणजे आवाज आणि टोचणी येते न दिसणाऱ्या जागेतून. जी जनावरं लाखो वर्षं वाघ-लांडग्यांचं भक्ष्य होती, त्यांच्या मेंदूला याचा एकच अर्थ कळतो: मागे कुणीतरी आहे, पुढे पळ. (जाता जाता, लाल फडक्याने बैल बिथरतो हे खोटं. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. तो बिथरतो फडफडण्याने.)

आता कान. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, गुराढोरांना ३५ हजारांपर्यंत. शिट्ट्या आणि भोंग्यांचा कर्कशपणा त्यांना आपल्याहून जास्त बोचत असणार. कॅनडात मांसासाठी पाळलेल्या कालवडींना काही संशोधकांनी दोन प्रकारचे आवाज ऐकवले: लोखंडी फाटकांचा खणखणाट आणि माणसांचं ओरडणं. हृदयाचे ठोके जास्त वाढले ते माणसांच्या ओरडण्याने.

यावर पटवाल्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: अहो, आमचा बैल लेकरावाणी वाढतो. ते खोटं नाही. पटाच्या बैलाला सहसा औताला जुंपत नाहीत, ढेप आणि कणीक वेळेवर मिळते, अंग रोज चोळलं जातं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकणारा हाच समाज आहे. पुढे ते म्हणतात, पट्टीवर, म्हणजे धावेच्या वाटेवर आणला की बैल आपणहून फुरफुरतो, त्यालाही हौस असते. इथे मात्र थांबून पाहायला हवं. तालमीत बैल एकच गोष्ट शिकतो: पळालं की टोचणी थांबते. एकदा हे डोक्यात बसलं की पुढे तुतारी, म्हणजे टोकदार काठी, लावावीही लागत नाही. पट्टी दिसली, छकडा दिसला की शरीर आधीच तयार होतं. अॅड्रेनॅलीन वाढतं, ठोके वाढतात, जनावर पाय आपटतं, शेण पातळ टाकतं. लांबून बघणाऱ्याला ही हौसच वाटते.

नुसतं रक्त तपासून हा गुंता सुटत नाही, कारण आनंदाच्या उत्तेजनेतही तीच संप्रेरकं वाढतात. म्हणून शास्त्रज्ञ जनावराचं वागणं पाहतात. नॉर्वेत भुकेल्या गायींना खाणं दिसेल पण मिळणार नाही अशी सोय केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग जास्त दिसू लागला. खाणं मिळालेल्या गायींमध्ये तो कमी झाला. इतर काही प्रयोगांतून कळलं, की गायी त्रास देणारा माणूस ओळखून ठेवतात आणि नंतर त्याच्यापासून अंतर राखतात. पटाच्या बैलाबाबतही तेच बघता येईल. दावं सोडलं तर तो पट्टीकडे जातो की दावणीकडे? धुरकरी जवळ आला की मान पुढे करतो की अंग चोरतो?

नव्या नियमांनी काठी, चाबूक, विजेचा धक्का आणि शेपटी पिरगाळणं यांवर बंदी आणली, धावेचं अंतर १००० मीटरच्या आत ठेवलं. हे चांगलंच झालं. शेपटीत मणके असतात आणि त्यांच्या सोबतीने नसा जातात. शेपटी पिरगाळणं किंवा चावणं म्हणजे मणक्यावरच हात घालणं. पण नियम पकडतात ते काठी आणि वळ. भीतीचा वळ उठत नाही, आणि आरडाओरडा पकडायला काहीच नाही.

धावेआधी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या मते खरी तपासणी धावेनंतर व्हावी, आणि तिला यंत्र लागत नाही. निवांत बैल दिवसाचे सात-आठ तास रवंथ करतो. एक घास वर येतो, चाळीस-साठ वेळा चावला जातो, गिळला जातो, थोड्या वेळाने दुसरा येतो. जनावर घाबरलेलं असेल तर हे चक्र थांबतं, आणि मन थाऱ्यावर आल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. आजारी बैलाने रवंथ सोडला हे म्हाताऱ्या शेतकऱ्याला डॉक्टरच्या आधी कळतं. तेव्हा जोडी सोडून सावलीत बांधली की घड्याळ लावून बसावं. श्वास कधी खाली बसला ते कुशीवरून मोजावं आणि पहिला घास कधी वर आला ते लिहून ठेवावं. मग याच बैलाच्या पट नसलेल्या दिवसाशी ते ताडून पाहावं. पुढच्या फेरीला ती जोडी उतरवायची की नाही, हे त्यावर ठरवता येईल.