भूपट्टांतर्गत भूकंपमालिका

भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या प्रचंड तुकड्यांच्या) सीमांपासून दूर, एरवी शांत समजल्या जाणाऱ्या प्रदेशातील एखाद्या लहानशा क्षेत्रात काही दिवस, महिने वा वर्षे सौम्य भूकंपांची रीघ लागते. त्यांतला कोणताही एक धक्का बाकीच्यांहून ठळकपणे मोठा नसतो. अशा भूकंपसमूहास भूपट्टांतर्गत भूकंपमालिका ही संज्ञा लावतात. नेहमीच्या भूकंपात एक मुख्य कंप असतो आणि त्यामागून येणारे पश्चात्कंप ठरावीक रीतीने विरळ होत जातात. ही रीत जपानी भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडली. मुख्य कंप आणि सर्वांत मोठा पश्चात्कंप यांच्या महत्तांत (भूकंपाच्या मोठेपणाच्या मापांत) सरासरी १.२ एवढा फरक असतो, असे स्वीडिश भूकंपशास्त्रज्ञ बोथ यांच्या नियमावरून दिसते. मालिकेला हे दोन्ही नियम नीट लागू पडत नाहीत. तिच्यातले मोठे धक्के जवळजवळ सारख्या महत्तेचे असतात आणि त्यांतला सर्वांत मोठा सुरुवातीला, मध्यात किंवा बऱ्याच उशिराही येऊ शकतो.

संज्ञा : चेक प्रजासत्ताक आणि जर्मनी यांच्या सीमेवरील पश्चिम बोहेमिया–फोग्टलँड या भागात असे भूकंपसमूह सोळाव्या शतकापासून नोंदलेले आढळतात. तेथे जानेवारी–फेब्रुवारी १८२४ मध्ये सुमारे शंभर धक्के जाणवले होते. त्यांचा अभ्यास करताना ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक योजेफ क्नेट यांनी १८९९ मध्ये ‘श्वार्मबेबेन’ हा शब्द योजला, असे सामान्यतः मानतात. ‘श्वार्म’ म्हणजे मधमाश्यांचा थवा. काही लेखक मात्र जर्मन भूवैज्ञानिक हेर्मान क्रेडनर यांना अधिक मान देतात. क्रेडनर यांनी याच भागातील १८७५ च्या भूकंपाचे वर्णन केले होते आणि पुढे १९०३ च्या मालिकेवर लिहिताना हीच प्रतिमा वापरली. शब्दाचे श्रेय क्नेट यांना आणि पद्धतशीर वर्णनाचे श्रेय दोघांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. भूकंपनाभी (जमिनीखाली भूकंप जेथे सुरू होतात ती स्थाने) नकाशावर मांडल्या की थव्यासारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले, हे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. परंतु १८९९ मध्ये नाभींची स्थाने इतक्या अचूकपणे काढता येत नव्हती, हे पाहता ते मागाहून जोडलेले असावे.

मराठीत ‘मालिका’ हा शब्द वृत्तपत्रांतून रुळला आहे. मालिकेत ओवलेपणाची, क्रमाची छटा आहे आणि या धक्क्यांत नेमका तोच क्रम नसतो. त्या दृष्टीने ‘भूकंपथवा’ हा शब्द मुळाच्या अधिक जवळचा आहे. तथापि रूढ झालेला शब्द बदलण्याचे कारण नाही, म्हणून येथे तोच ठेवला आहे.

जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो मोगी यांनी १९६३ मध्ये भूकंपक्रमांचे तीन प्रकार केले : (१) मुख्य कंप व पश्चात्कंप; (२) पूर्वकंप (मुख्य कंपाआधीचे धक्के), मुख्य कंप व पश्चात्कंप; आणि (३) मालिका. खडक जितका विषमांगी (सर्वत्र एकसारखा नसलेला) व भेगाळलेला आणि ताण जितका एकवटलेला, तितका क्रम मालिकेकडे झुकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही विभागणी आजही वापरात आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. चालू असलेला समूह मालिका आहे की मोठ्या भूकंपाचे पूर्वकंप, हे तो संपल्यावरच सांगता येते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर ही अडचण केवळ तात्त्विक नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ऑक्टोबर १९९२ पासून धक्क्यांचा समूह सुरू झाला व काही आठवड्यांनी ओसरला. त्यानंतर सुमारे अकरा महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, ६.२ महत्तेचा भूकंप होऊन सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९९२ च्या धक्क्यांना पूर्वकंप म्हणावे की स्वतंत्र मालिका, याविषयी मतभेद आहेत. मधला शांत काळ लक्षात घेता त्यांना रूढ अर्थाने पूर्वकंप म्हणणे कठीण आहे, मात्र तोच विभंग (ज्या भेगेवर खडक सरकतो ती) त्या वेळी जागा होता ही गोष्ट नाकारता येत नाही.

कारणे : ज्वालामुखी प्रदेशांत वर चढणारा शिलारस (वितळलेला खडक) हे मालिकांचे उघड कारण असते. भूपट्टाच्या अंतर्भागात तसा शिलारस सहसा नसतो, म्हणून तेथे द्रवाकडे लक्ष वळते. जुन्या विभंगावर ताण आधीच साठलेला असतो. खडकाच्या भेगांतील पाण्याचा दाब वाढला की विभंगाच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारे परिणामी बल घटते आणि विभंग अल्पशा ताणानेही सरकतो. अमेरिकन भूवैज्ञानिक हब्बर्ट व रुबी यांनी १९५९ मध्ये हे तत्त्व मांडले. त्याचा पडताळा अमेरिकेतील डेन्व्हरजवळ अनपेक्षितपणे मिळाला. तेथे १९६२ पासून सुमारे ३,६७० मी. खोल विहिरीत दूषित द्रव दाबाने सोडला जात होता. लगेच भूकंप सुरू झाले. १९६६ मध्ये द्रव सोडणे थांबवल्यावरही काही काळ ते चालू राहिले. दाब खडकातून सावकाश पसरतो, हे त्यावरून ध्यानात आले. नाभी एका बिंदूपासून हळूहळू दूर सरकताना दिसल्या, तर तो आज द्रवाच्या प्रवासाचा पुरावा मानला जातो.

फोग्टलँडमध्ये हा द्रव मुख्यतः खोलवरून येणारा कार्बन डायऑक्साइड असावा. तेथील झऱ्यांतून तो सतत बाहेर पडतो आणि त्यासोबतच्या हेलियमाच्या समस्थानिकांवरून त्याचा उगम प्रावरणात (भूकवचाखालच्या थरात) असल्याचे दिसते. तेथील १९८५–८६ च्या मालिकेतील सर्वांत मोठा धक्का (२१ डिसेंबर १९८५) ४.६ महत्तेचा होता. २०००, २००८, २०११ व २०१८ मध्येही तेथे मालिका झाल्या. जर्मनीतील बव्हेरियामधील होखश्टाउफेन डोंगराखाली मात्र २००२ मध्ये अतिवृष्टीनंतर धक्के वाढले, म्हणजे तेथे पावसाचे पाणीच कारणी लागले.

पालघर : डहाणू व तलासरी तालुक्यांत २०१८ च्या उत्तरार्धात धक्के जाणवू लागले. आरंभ कोणी सप्टेंबरात धरतात, कोणी नोव्हेंबरात. लोकांच्या तक्रारी आणि वर्तमानपत्रांतील बातम्या नोव्हेंबरपासून सलग मिळतात. डहाणू तालुक्यातील धुंदलवाडीचा परिसर मालिकेच्या केंद्रस्थानी होता. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील मोठ्याची महत्ता राष्ट्रीय यादीत ४.१ आहे. स्थानिक भूकंपमापकांच्या जाळ्याच्या आधारे काढलेल्या आकड्यांत मोठ्या धक्क्यांच्या महत्ता काहीशा कमी भरतात. अशी तफावत मापनपद्धतीतून येते आणि तिला फार महत्त्व देऊ नये. राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवल्यावर काही हजार लहान धक्के नोंदले गेले.

हे क्षेत्र दख्खनच्या बेसाल्टाने झाकलेले आहे, त्यामुळे त्याखालील विभंग पृष्ठावर दिसत नाहीत. हिमालयातील भूपट्टसीमा येथून हजार किलोमीटरांहून दूर आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असल्याने त्याच्या अंतर्भागात सर्वसाधारणपणे दाबाचा ताण असतो आणि किल्लारीचा भूकंप त्याच स्वरूपाचा होता. पालघरच्या धक्क्यांत मात्र जमीन ताणली जाऊन एक बाजू खाली घसरल्याच्या खुणा अभ्यासकांना आढळल्या आहेत. उपग्रहीय रडारमापनांचाही यासाठी उपयोग झाला. पावसाळ्यात मुरलेले पाणी भेगांतून खोल जाऊन विभंग सैल करते, असे मत आज अधिक ग्राह्य धरले जाते. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांवरून उत्तर कोकणात पाणी खोलवर फिरते हे स्पष्टच आहे. मात्र पावसाळा दरवर्षी येतो आणि मालिका २०१८ मध्येच का सुरू झाली, याचे उत्तर या मतातून मिळत नाही.

धक्क्यांबरोबर जमिनीतून गडगडाट वा स्फोटासारखा आवाज येतो. नाभी उथळ असल्या की उच्च वारंवारतेचे तरंग वाटेत फारसे न विरता पृष्ठाशी पोचतात आणि हवेत ध्वनिरूपाने ऐकू येतात. यात गूढ असे काही नाही. तरी रात्री-अपरात्री वारंवार होणाऱ्या अशा आवाजाने माणसे किती खचतात, हे महत्तेच्या आकड्यांतून कळत नाही. थंडीच्या दिवसांत कुटुंबे घराबाहेर निजली, प्रशासनाने तंबू दिले. फेब्रुवारी २०१९ मधील धक्क्याच्या वेळी धावपळीत एका बालिकेचा मृत्यू झाला. वारली पाड्यांवरील कारवीच्या कुडाच्या भिंती हलक्या व लवचिक असल्याने धक्के सोसतात. तडे जातात ते प्रामुख्याने विटा-दगडांच्या, बांधणी कच्ची असलेल्या घरांना.

इतर उदाहरणे : कोयनेची भूकंपीयता (मुख्य भूकंप ११ डिसेंबर १९६७) जलाशयाशी निगडित आहे आणि तीत मोठे मुख्य कंप आहेत, म्हणून तिचा समावेश येथे करणे योग्य नाही. ठाणे जिल्ह्यातील भातसा धरणाजवळ १९८३ मध्ये झालेले धक्केही जलाशयप्रेरित मानले जातात. नांदेड शहर (२००६–०७), मध्य प्रदेशातील खांडवा (१९९८) आणि सौराष्ट्रातील तलाला या ठिकाणच्या मालिका नैसर्गिक गटात येतात. तलाला येथे नोव्हेंबर २००७ व ऑक्टोबर २०११ मध्ये महत्ता ५ च्या आसपास गेली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात साद्राबाडी येथेही धक्के व आवाज नोंदले गेले.

यंत्रपूर्व काळातील नोंदी विरळ आहेत. जुन्या सूच्यांत २६ मे १६१८ रोजी मुंबई–वसई भागात मोठा भूकंप झाल्याचे दिले आहे, पण मूळ वर्णने वादळाची असावीत असे अलीकडील अभ्यासक मानतात आणि ते पटण्यासारखे आहे. त्या नोंदीच्या आधारे कोकणातील मालिकांची परंपरा सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येत नाही.