आटे जुळले म्हणजे लेन्स जुळली?

‘जुन्या फिल्म कॅमेऱ्याला कुठलीही लेन्स चालते, लेथवर मधे बसणारी एक कडी करून घ्या, झालं’ हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. त्यात तथ्य आहे. भोसरीतला चांगला टर्नर अशी कडी सहज करून देतो. पण लेन्स घट्ट बसणं वेगळं आणि फोकस होणं वेगळं.

खरा प्रश्न माउंटपासून (कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या तोंडापासून) फिल्मपर्यंतच्या अंतराचा. एम४२ (४२ मिमी आट्यांच्या) लेन्सला ते ४५.४६ मिमी लागतं, निकॉनच्या एफ माउंटच्या कॅमेऱ्यांत ते ४६.५ आहे. म्हणजे कडीची जाडी शून्य धरली तरी लेन्स १.०४ मिमी पुढेच राहते. एवढ्यानं काय होतं? ५० मिमीची लेन्स अनंतावर लावली तरी फोकस साधारण अडीच मीटरवरच थांबतो. पोर्ट्रेट छान येतील, डोंगर नाही. हीच लेन्स कॅननच्या ईओएस फिल्म बॉडीवर (४४ मिमी) १.४६ मिमीच्या कडीनं व्यवस्थित चालते.

आटेही फसवतात. एम४२ आणि टी-माउंट (आट्यांचाच दुसरा एक माउंट) दोन्हींचा व्यास ४२ मिमी, पण पिच, म्हणजे लागून असलेल्या दोन आट्यांमधलं अंतर, अनुक्रमे १ आणि ०.७५ मिमी. एखाद-दोन फेरे फिरून अडकलं तर जोर लावू नका, पिच गेज लावा.

कडी करायला टाकण्याआधी लेन्सचं आणि कॅमेऱ्याचं, दोन्ही अंतरं ताडून बघा. कडी हाती आली की कॅमेऱ्याची पाठ उघडा, फिल्म टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेतो उघडं राहतं) उघडं धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. लेन्स अनंतावर असताना गच्चीवरून सिंहगडाचा टॉवर कागदावर रेखीव उमटला, तर कडी बरोबर.