दिलदारपणा

दिलदारपणा (पु.) : मनाचा मोठेपणा, देताना हात आखडता न घेण्याची आणि दिल्यावर हिशेब न ठेवण्याची वृत्ती. मूळ शब्द फारसी ‘दिलदार’. त्यातला ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘दार’ म्हणजे धारण करणारा. सुभेदार, किल्लेदार, जहागीरदार यांतला ‘दार’ तोच. दरवाजाशी त्याचा संबंध नाही. ‘ज्याच्या मनाचं दार उघडं तो दिलदार’ ही फोड ऐकायला गोड, पण चुकीची. फारसी आणि संस्कृत एकाच कुळातल्या असल्यामुळे दिल आणि हृद्, दार आणि धृ ही दूरची भावंडेच. मराठीने त्यांना आपला प्राकृतातून आलेला ‘-पणा’ जोडून दिला.

फारसीत मात्र दिलदार म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी. हिंदीत तोही अर्थ आहे आणि उदार हाही. मराठीत शृंगार गळाला, औदार्य तेवढे उरले. इंदूरच्या मराठी घरांत याची गंमत होते : ‘‘तुझे आजोबा फार दिलदार हो,’’ असे आजी म्हणाली की हिंदी गाण्यांवर वाढलेली नातवंडे एकमेकांकडे बघून हसतात.

सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की रात्री खाण्याचा बाजार भरतो. तिथे भुट्ट्याचा कीस खाऊन झाल्यावर पाचजणांचे पैसे एकाने गुपचूप चुकते केले, तर तो दिलदार. दुसऱ्या दिवशी त्यानेच ते चारचौघांत सांगितले, तर मग नाही.

अहिल्याबाई होळकरांना (१७२५–९५) मात्र कोणी दिलदार म्हणत नाही. काशी, सोमनाथ, गया इथपर्यंत त्यांनी देवळे उभारली. दानधर्माचा खर्च दौलतीतून नव्हे, स्वतःच्या खासगीतून केला. तरी त्या पुण्यश्लोक, दानशूर, उदार. ‘उदार’मध्येच ‘उद्’ म्हणजे वर आहे. तो शब्द उंचावरून खाली देणाऱ्याचा. दिलदार बरोबरीच्याला म्हणायचे, शक्यतो खांद्यावर हात ठेवून.

पैशाचा संबंध नसतानाही शब्द चालतो, किंबहुना तिथेच तो अधिक खुलतो. ‘दिलदार शत्रू’ म्हणजे हरल्यावर समोरच्याच्या खेळाला मनापासून दाद देणारा. म्हणून ‘कंजूष’ हा याचा विरुद्धार्थी शब्द अपुरा पडतो. नेमका शब्द ‘कोत्या मनाचा’.