युद्धाच्या धसक्यानं आईचं दूध आटत नाही

कुठं युद्ध पेटलं की नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘भीतीनं आयांचं दूध आटलंय, पावडरचे डबे जमा करा.’ १९२१ पासून आई-बाळांची सेवा करणारा मातृसेवा संघ पाहिलेल्या शहराला याचा खुलासा करावा लागतो, याचंच नवल.

घाबरल्यावर पान्हा फुटायला वेळ लागतो, हे खरं. दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक भीतीनं तेवढ्यापुरतं अडतं. पण दूध तयार करणारं दुसरं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, बाळाच्या चोखण्यावर चालतं. पाजत राहिलं की दूध येत राहतं. आई उपाशी असेल तर जेवू आईला घालायचं.

खरा घोळ डबा आल्यावर होतो. बाळ बाटलीवर गेलं की चोखणं कमी, म्हणून दूध कमी. मग सगळे म्हणतात, बघा, आटलंच! वर पावडर कालवायला उकळलेलं पाणी अन् स्वच्छ भांडं हवं. छावणीत ते कुठून येणार? इंडोनेशियातल्या योग्याकार्तात २००६ च्या भूकंपानंतर फुकट पावडर मिळालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांत जुलाबाचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं, न मिळालेल्यांत १२ च्या आत. (ते युद्ध नव्हतं, पण हाल तेच.)

आपल्याकडं तर १९९२ च्या कायद्यानं अनाथालय सोडून कुणालाही असे डबे दान द्यायला मनाईच आहे. आई दगावलेल्या बाळाला पावडर लागू शकते. ती तिथल्या आरोग्यसेवकांनी बाळ तपासून, स्वतःच्या देखरेखीखाली द्यायची असते.