डॉक्टर हू : पहिले पर्व (१९६३–६४)

बीबीसी दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे आरंभीचे पर्व. २३ नोव्हेंबर १९६३ ते १२ सप्टेंबर १९६४ या काळात ते दर शनिवारी संध्याकाळी दाखवले गेले. मधला एकच शनिवार रिकामा गेला. एकूण भाग ४२, प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांचे, आणि त्यांत गुंफलेल्या कथा ८. डॉक्टर (विल्यम हार्टनेल), त्याची नात सुझन (कॅरोल ॲन फोर्ड) आणि तिचे शाळेतले शिक्षक इयन चेस्टर्टन (विल्यम रसेल) व बार्बरा राइट (जॅकलिन हिल) हे चौघे ‘टार्डिस’ या कालयानातून कधी भूतकाळात, तर कधी परग्रहांवर जातात.

मालिकेचा जनक म्हणून बीबीसीच्या नाट्यविभागाचे कॅनडियन प्रमुख सिडनी न्यूमन यांचे नाव घेण्याचा प्रघात आहे. आतून मोठे असणारे यान आणि कुठून आला हे न सांगणारा म्हातारा या कल्पना बहुधा त्यांच्याच. पण १९६३ च्या वसंतातली टिपणे पाहिली, तर त्यांत बीबीसीचेच डोनाल्ड विल्सन व लेखक सी. ई. वेबर यांचाही हात दिसतो. यानाला पोलीस-पेटीचे (पोलिसांना फोन करण्यासाठी रस्त्याकडेला असलेल्या निळ्या खोपटाचे) रूप देण्याची कल्पना सामान्यतः पहिल्या कथेचे लेखक अँथनी कोबर्न यांच्याकडे जाते. एकाच माणसाच्या डोक्यातून मालिका निघाली, या मतापेक्षा ती अनेकांच्या हातून घडत गेली हे मत अधिक सयुक्तिक वाटते. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा (१९३८). लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या आई. ‘मार्को पोलो’ या कथेचे एक सोडून सर्व भाग वारिस यांनीच दिग्दर्शित केले.

कथानामांचा प्रश्न : या पर्वात पडद्यावर फक्त त्या त्या भागाचे नाव येई, संपूर्ण कथेचे नाव कुठेच येत नसे. त्यामुळे पहिल्या तीन कथांची नावे आजही वादाची आहेत. पहिली कथा ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’ म्हणून ओळखली जाते, पण ते खरे तर पहिल्या भागाचे नाव. निर्मितीच्या कागदपत्रांत ‘१००,००० बीसी’ आढळते आणि त्याआधीच्या मसुद्यांत ‘द ट्राइब ऑफ गम’. दुसऱ्या कथेला कागदोपत्री ‘द म्यूटंट्स’ म्हटले आहे, परंतु १९७२ मध्ये त्याच नावाची वेगळी कथा आल्यामुळे ते नाव वापरणे गैरसोयीचे झाले. ‘द डेड प्लॅनेट’ हे तिच्या पहिल्या भागाचे नाव, आणि ‘द डालेक्स’ हे पुढे विक्रीच्या निमित्ताने रूढ झालेले. तिसऱ्या कथेबाबत ‘इन्साइड द स्पेसशिप’ व ‘द एज ऑफ डिस्ट्रक्शन’ अशी दोन नावे चालतात. कागदपत्रांचा आधार मोठा असला तरी डीव्हीडी व सूचींत रूढ नावेच सापडत असल्याने येथे तीच स्वीकारली आहेत. चौथ्या कथेपासून हा घोळ जवळजवळ उरत नाही : ‘मार्को पोलो’, ‘द कीज ऑफ मरिनस’, ‘दी ॲझटेक्स’, ‘द सेन्सोराइट्स’, ‘द रेन ऑफ टेरर’.

चित्रमुद्रणपद्धती : आज हे पर्व पाहताना संवाद अडखळतात, कॅमेरा हिंदकळतो, माइकची सावली भिंतीवर पडते. हा हलगर्जीपणा नव्हे. भाग मुख्यतः लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत, आठवडाभर तालीम करून, एकाच संध्याकाळी जवळजवळ सलग मुद्रित होत. मुद्रण दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर होई आणि तिचे संकलन म्हणजे फीत प्रत्यक्ष पात्याने कापून जोडणे. कापलेली फीत पुन्हा वापरणे अवघड आणि फीत तर महाग. म्हणून मध्ये थांबण्याच्या जागा मोजक्याच ठेवत. ‘द डालेक्स’मध्ये हार्टनेल औषधांऐवजी ‘किरणोत्सर्गविरोधी हातमोजे’ म्हणून जातात आणि त्याच श्वासात शब्द सुधारतात. तेवढ्यासाठी थांबणे परवडणारे नव्हते.

चूक फारच मोठी असली तर मात्र संपूर्ण भाग पुन्हा केला जाई. पहिल्या भागाचे २७ सप्टेंबर १९६३ चे मुद्रण न्यूमन यांनी नाकारले : टार्डिसचे दरवाजे नीट मिटत नव्हते आणि डॉक्टर फारच तुसडा वाटत होता. १८ ऑक्टोबरला तो भाग नव्याने मुद्रित झाला. नाकारलेली आवृत्ती प्रेक्षकांनी पाहिली ती १९९१ मध्ये. ‘द डेड प्लॅनेट’च्या पहिल्या मुद्रणात तंत्रज्ञांच्या हेडफोनमधील सूचना प्रक्षेपणाच्या आवाजात ऐकू येऊ लागल्याने तोही दुसऱ्यांदा करावा लागला.

कलावंतांच्या सुट्ट्यांची सोय लेखनातच करत. ‘मरिनस’च्या तिसऱ्या-चौथ्या भागांत डॉक्टर दिसत नाही, ‘सेन्सोराइट्स’च्या मध्यावर बार्बरा नाहीशी होते, ‘ॲझटेक्स’मध्ये सुझन दोन भाग केवळ आधी घेतलेल्या फिल्मच्या तुकड्यांत आहे. कथा तिथे वळण का घेते, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

डालेक हे यंत्रजीव रेमंड क्युसिक यांनी आत बसलेल्या माणसाच्या मापाने आखले. आतला माणूस पायाने रेटत चाकांवर डालेक सरकवी. त्यासाठी जमीन गुळगुळीत हवी. कथेत याला ‘धातूच्या फरशीतून मिळणारी स्थितिक वीज’ असे कारण जोडले आहे. बनवलेले डालेक चारच होते. गर्दीच्या दृश्यांत मागे उभे असलेले डालेक ही पूर्णाकृती छायाचित्रे आहेत, आणि ती मुळीच हलत नाहीत हे एकदा लक्षात आले की नजर सारखी तिकडेच जाते. त्यांचा आवाज पीटर हॉकिन्स व डेव्हिड ग्रॅहम यांचा, ‘रिंग मॉड्युलेटर’ या आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून काढलेला. टार्डिसचा घरघराट ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या खर्जातील तारेवर घराची किल्ली घासून मिळवला. रॉन ग्रेनर यांच्या शीर्षकसंगीताला डेलिया डर्बीशर यांनी एकेक स्वर वेगळा मुद्रित करून व फिती कापून-जोडून रूप दिले. पहिल्या भागाला ४४ लाख प्रेक्षक होते; डालेक-कथा संपेपर्यंत ते १ कोटीवर गेले.

उपलब्धता : पहिल्या प्रक्षेपणाच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आज जे दिसते ते परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिमी. फिल्म-प्रतींवरून आले आहे. या ‘टेलिरेकॉर्डिंग’ पद्धतीत पडद्यावरील चित्र फिल्म-कॅमेऱ्याने टिपत. मूळ प्रक्षेपण ४०५ रेषांचे, सेकंदाला ५० क्षेत्रांचे (क्षेत्र म्हणजे एकाआड एक रेषांचे अर्धे चित्र; दोन मिळून एक चौकट). फिल्मवर २५ चौकटीच उरत. काही प्रतींत तर दोनांपैकी एक क्षेत्र सरळ गाळले जाई, म्हणजे रेषाही निम्म्याच. नाटकासारखी सलग, सजीव हालचाल जाऊन सिनेमासारखी थरथर आली ती यामुळे. डीव्हीडीवरील ‘व्हिडफायर’ प्रक्रिया मधली क्षेत्रे गणिताने भरून ती हालचाल परत आणते. मुळात फिल्मवरच घेतलेल्या तुकड्यांना ती लावत नाहीत. संगणकावर पाहताना डीइंटरलेसिंग (क्षेत्रांपासून पूर्ण चित्रे बनवण्याची सोय) ‘बॉब’ या पर्यायावर ठेवावे. अन्यथा पुन्हा २५ चौकटीच दिसतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

४२ पैकी ९ भागांचे चित्र सापडलेले नाही : ‘मार्को पोलो’चे सातही आणि ‘रेन ऑफ टेरर’चे चौथा व पाचवा. ‘रेन ऑफ टेरर’च्या या दोन भागांची उणीव २०१३ च्या डीव्हीडीत ॲनिमेशनने भरून काढली आहे. २०२३ मध्ये ‘द डालेक्स’ रंगीत करून ७५ मिनिटांत बसवले गेले. सात भागांचा मूळ संथ ताण त्यात राहत नाही, म्हणून ते मूळ कथेऐवजी पाहू नये. त्याच वर्षी बीबीसीने जुने भाग आयप्लेअर या आपल्या ऑनलाइन सेवेवर ठेवले, तेव्हा हक्कांच्या प्रश्नामुळे पहिली कथा वगळावी लागली.

हरवलेल्या सर्व भागांचा आवाज मात्र प्रेक्षकांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे टिकला. शिवाय जॉन क्युरा हे छायाचित्रकार चालू प्रक्षेपणाचे फोटो काढून कलावंतांना व दिग्दर्शकांना विकत. ‘मार्को पोलो’च्या सहा भागांचे असे फोटो हुसेन यांच्या संग्रहातून मिळाले. त्यांवरून रचलेली अर्ध्या तासाची संक्षिप्त आवृत्ती २००६ च्या ‘द बिगिनिंग’ या डीव्हीडी संचात आहे. फोटो नाहीत ते चौथ्या भागाचे, ‘द वॉल ऑफ लाइज’चे, तो जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता. त्या भागासाठी आज ध्वनिमुद्रणावरच भागवावे लागते.