पंतनगरच्या दवाखान्यातून गिरणगावापर्यंत

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या साठेक कापडगिरण्यांचे साचे थांबले. सुमारे अडीच लाख कामगार ज्यांच्या शब्दावर घरी बसले, त्या दत्ता सामंतांना गिरणगाव 'डॉक्टरसाहेब' म्हणत असे. ते खरोखरच डॉक्टर होते. या संपावर बोलताना हे आपण फार पटकन विसरतो.

सामंतांचा जन्म १९३२ चा, मालवण तालुक्यातल्या देवबागचा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले हे गाव. पोट भरायला मुंबई गाठायची ही तिथल्या घराघरांतली रीत. सामंतही मुंबईला आले, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि घाटकोपरच्या पंतनगरात त्यांनी दवाखाना थाटला.

त्या काळी घाटकोपरच्या आसपास दगडखाणी होत्या. तिथले मजूर त्यांच्याकडे औषधाला येत. दगड फोडणाऱ्याची जखम बांधता येते, खोकल्यावर औषध देता येते. पण दुसऱ्या दिवशी तो माणूस त्याच धुळीत, तेवढ्याच मजुरीवर परत जाणार असेल, तर डॉक्टरने करायचे काय? सामंतांनी खाणकामगारांची युनियन बांधली. त्यांच्या साऱ्या राजकारणाचे मूळ मला इथे दिसते. पुढे मालक ताळेबंद पुढे करून 'परवडत नाही' म्हणत, तेव्हा ते कामगाराच्या घरखर्चापासून हिशोब मांडत. त्यांची ताकद यातच होती, आणि संपात जे बिघडले त्याचेही एक कारण हेच होते, असे मला वाटते.

१९७२ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले, तरी त्याच काँग्रेसच्या राज्यात आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. बाहेर आल्यावर इंजिनिअरिंग कारखान्यांमध्ये त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीची चर्चा चाळीचाळीतून होऊ लागली. शेजारच्या खोलीतला कारखान्यातला पोरगा गिरणीत वर्षानुवर्षे घासलेल्या माणसापेक्षा जास्त कमावतो, हे डोळ्यांना दिसत होते. त्यात बदली कामगारांचे हाल वेगळेच. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभे राहायचे. काम मिळाले तर दिवस भरला, नाहीतर घरी.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून भडका उडाला आणि कामगार आपण होऊन सामंतांच्या दारात गेले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण एका हट्टी माणसाने अडीच लाख लोकांना फरफटत नेले अशी गोष्ट आजही सांगितली जाते. ती कामगारांवर अन्याय करणारी आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त युनियनकडे होता. कामगारांचा त्या संघावर विश्वास उरला नव्हता, पण मालक आणि सरकार बोलणार ते त्याच्याशीच. पगाराइतकीच ही कोंडी फोडण्यासाठी संप झाला.

तो इतका लांबला, त्याला गावाचा आधार होता. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडचे कितीतरी कामगार कुटुंबासह गावी गेले आणि शेतीच्या कामाला लागले. ज्यांना गावी जमीन नव्हती, त्यांच्या घरातली भांडी आणि मंगळसूत्रे विकली गेली. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. तोवर कोणी कामावर परतले होते, कोणाला परत घेतलेच नव्हते. लाखाहून अधिक जणांची नोकरी कायमची गेली.

एवढे होऊनही डिसेंबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या, तेव्हा दक्षिण-मध्य मुंबईने अपक्ष उभ्या राहिलेल्या सामंतांना लोकसभेत पाठवले. ज्यांच्या चुली विझल्या होत्या, त्यांच्या वस्त्यांचाच हा मतदारसंघ. संपाचे अपयश त्यांनी डॉक्टरांच्या माथी मारले नाही.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. संपाला १५ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते, आणि तो संप मागे घेतल्याचे तोवर कोणीही रीतसर जाहीर केलेले नव्हते.