आईचा बायोप्सी रिपोर्ट आईपासून लपवू नका

आईच्या बायोप्सी रिपोर्टवर 'इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा', म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरचाच एक प्रकार, असं आलं की बऱ्याच घरांत पहिली गोष्ट ही होते की तो रिपोर्ट आईपासूनच लपवला जातो. मुलगा नाहीतर मुलगी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगते, तिच्यासमोर कॅन्सर म्हणू नका, तिला सहन नाही होणार. यामागे माया असते, मान्यच आहे, पण ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट कशी चालते ते बघितलं तर आईला काहीच माहीत नसणं तिच्यासाठी खरंच धोक्याचं आहे, ते का हे सांगायला हे लिहितेय.

आधी रिपोर्ट नीट वाचू. ग्रेड ३ दिसलं की बरेच जण थर्ड स्टेज समजून हातपाय गाळतात. ग्रेड आणि स्टेज वेगळ्या गोष्टी आहेत. मायक्रोस्कोपखाली पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात आणि किती भराभर वाढतायत ते म्हणजे ग्रेड, आणि गाठ किती मोठी, काखेतल्या लिम्फ नोडपर्यंत गेलीय का, लांब कुठं पसरलीय का, ती स्टेज. ग्रेड ३ ची छोटी गाठ पहिल्या स्टेजलाही सापडू शकते.

खरा महत्त्वाचा कागद थोडा उशिरा येतो, आयएचसीचा, म्हणजे गाठीच्या त्याच तुकड्यावर केलेल्या पुढच्या टेस्टचा. त्यात तीन नावं असतात, ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन म्हणजे कॅन्सरच्या पेशीत ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन चिकटायची जागा आहे का. असेल तर ती गाठ हार्मोनवर वाढतेय, आणि ते हार्मोन तोडलं की तिची वाढ रोखता येते. पाळी गेलेल्या बाईला ईस्ट्रोजेन कुठून येणार असं वाटतं, पण शरीरातल्या चरबीत अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम ते थोडंथोडं बनवत असतं, लेट्रोझोलची गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. तिसरं, हर-टू, हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन, त्याला ० ते ३ असा स्कोअर देतात. ० आणि १ निगेटिव्ह, ३ पॉझिटिव्ह, आणि २ आला तर कळत नाही म्हणून फिश नावाची आणखी एक टेस्ट करावी लागते, तेव्हा डॉक्टर उगाच खर्च वाढवतायत असं धरून बसू नका. हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर एकेकाळी फार वाईट समजला जायचा, पण १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूला अडवणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्रच पालटलं, आता त्याची भारतीय कंपन्यांनी बनवलेली रूपं इथं मिळतात. तिन्ही निगेटिव्ह असेल तर ट्रिपल निगेटिव्ह, तिथं मुख्य भार केमोवर असतो आणि बरेचदा ऑपरेशनच्या आधीच केमो सुरू करतात.

म्हणजे शेजारच्या काकूंना जे दिलं ते आपल्या आईला का नाही, याचं उत्तर या तीन ओळींत असतं. सेकंड ओपिनियनला जाताना फक्त फाइल नेऊ नका, लॅबकडून स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी ते पुन्हा तपासून बघतात. यात दोन-तीन आठवडे गेले तर घाबरू नका, बहुतेक गाठींना दुप्पट व्हायला महिने लागतात. पण कुणाचा काढा, कुणाचं चूर्ण करत दोन-चार महिने घालवणं मात्र महागात पडतं. आणि बायोप्सीची सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती डोक्यातून काढून टाका.

ऑपरेशनच्या वेळी घरचे ठरवून मोकळे होतात, या वयात काय करायचंय, पूर्ण स्तन काढून टाका. पण इटलीचे उम्बेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेचे बर्नार्ड फिशर या दोन सर्जनांच्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ साली आले आणि दोन्हींत हेच दिसलं की योग्य पेशंटमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं. आईचं वय काहीही असो, हा निर्णय तिच्या शरीराचा आहे, तिला विचारा.

आता केमो, आणि इथं लपवाछपवी सगळ्यात जास्त नडते. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात, त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात तशा केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आतल्या अस्तरातल्या आणि हाडांच्या मगजातल्याही मरतात. मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात, त्यातल्या जंतूंशी पहिल्यांदा भिडणाऱ्या न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते एक-दोन दिवस टिकतात, त्यामुळे नवीन येणं थांबलं की त्यांचा साठा लगेच खाली येतो, केमो दिल्यापासून साधारण ७ ते १४ व्या दिवशी सगळ्यात कमी. आता बघा, जखमेत पू होणं, सूज येणं, लाल होणं हे सगळं याच पेशींमुळे होतं. त्याच नसतील तर आत इन्फेक्शन झालं तरी बाहेर काही दिसत नाही, नुसता ताप येतो, तोही कधी किरकोळ. म्हणून थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसलं की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं, केमो चालू आहे. अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

आणि हा ताप पहिल्यांदा कुणाला कळणार, तर आईलाच. तिला जर 'गाठीवरचं औषध आहे, शक्तीची सलाइन आहे' असं सांगून ठेवलं असेल तर ती अंगावर शाल ओढून पडून राहील, तुम्हाला उठवणार नाही, आपल्या आया अशाच असतात. तीच गत गोळ्यांची. हार्मोनची गोळी ५ वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यायची असते, लेट्रोझोलने सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात, आणि गोळी कशासाठी आहे हेच माहीत नसलं की गुडघे दुखले म्हणून ती गुपचूप बंद केली जाते. माहीत असेल तर ती डॉक्टरांना सांगेल, गोळी बदलून मिळते, हाडांसाठी त्यांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आणि औषधं आहेत.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारायला अपराधी वाटतं. विचारा, त्यात काही गैर नाही. बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर आनुवंशिक नसतात, साधारण ५ ते १० टक्क्यांत बीआरसीए-१, बीआरसीए-२ सारख्या जीनमधला बदल असतो. आईत तो असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता ५० टक्के, मुलग्यांतसुद्धा. म्हणून टेस्ट आधी आईची करतात, तिच्यात बदल सापडला तर नेमका तोच तुमच्यात शोधता येतो. रक्त तिचं लागतं, सही तिची लागते, आणि माहेरच्या कुठल्या आत्याला, कुठल्या मावशीला काय झालं होतं, कोण किती वयात गेलं, हे बहुधा तिलाच आठवतं. जेनेटिक काउन्सेलरकडे जाल तेव्हा पुढच्या खुर्चीवर तिला बसवा आणि तिला बोलू द्या.